गर्दी व्हायच्या आत

बाबा धडधाकट होते त्या शेवटच्या दिवशी घरी इतिहासकार आले होते. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात. ह्यांनी शहरातल्या जुन्या टॉकीजांचा इतिहास लिहायचा विडा उचलला होता. टॉकीजा केव्हाच जमीनदोस्त झालेल्या, त्यामुळे कुणी पडताळून पाहील ही भीती नव्हती.

बाबांनी जन्मभर एकाच टॉकीजची मॅनेजरी केली. पाटीवर तिचं नाव राजघराण्यात शोभेल असं होतं, पण गाव तिला ढेकूण टॉकीज म्हणायचं. चौकापलीकडची दुसरी ती गळकी टॉकीज आणि पंखे नसलेली तिसरी ती भट्टी. बाबा तिन्हींची कुळकथा सांगायला पाय वर घेऊन बसले.

"गळक्या टॉकीजचं छप्पर मुद्दाम तसं बांधलं होतं, साहेब. पडद्यावर पाऊस आला की लोकांच्या अंगावरही चार थेंब पडावेत."

इतिहासकारांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. "काय दृष्टी होती हो त्या लोकांची!"

चहा घेऊन आलेली मुलगी दारातच थबकली. "बाबा, काहीतरीच काय!"

"तू गप गं. साहेब शिकलेले आहेत, त्यांना कळतं."

"आणि आपण स्वतः सिनेमे किती आवडीने पाहत असाल?" इतिहासकारांनी विचारलं.

"तर! शेवटपर्यंत," बाबा म्हणाले आणि लेकीकडे न बघता चहा बशीत ओतला.

ही मात्र हद्द झाली. बाबांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. शेवट आला की ते दारांच्या मागे लागायचे. पुढच्या खेळाची माणसं बाहेर खोळंबलेली, म्हणून सिनेमा संपायच्या आधीच कड्या काढायच्या, पडदे सारायचे, दारं सताड उघडायची. नायिका प्राण सोडत असायची आणि तिच्या तोंडावर दुपारचं ऊन. लोक शिव्यांची लाखोली वाहायचे. बाबा दारातून शांतपणे म्हणायचे, "मेली ती. चला आता."

घरच्यांना फुकट जागा होती, पण शेवटच्या रांगेत, दाराला लागून. शेवट जवळ आला की टॉर्चचा उजेड आधी त्यांच्याच पायांवर पडायचा. "उठा. गर्दी व्हायच्या आत." आई निमूट उठायची आणि तिच्या पदराला धरून ही. टॉर्च लागला की सिनेमा संपतो, अशीच तिची लहानपणी समजूत होती. शाळेत मैत्रिणी शेवटावरून हमरीतुमरीवर आल्या की ती नुसती मान डोलवायची. पुढे ती वाचनालयातून पुस्तकं आणायला लागली, ती ढिगाने, आणि प्रत्येकाचं शेवटचं पान आधी वाचायची. तिच्या नवऱ्याला हे विकृत वाटे. तिने त्याला कारण कधी सांगितलं नाही.

इतिहासकार गेल्यावर बाबा पोटभर हसले, दुपारी दोनदा भात मागून घेतला, वर्तमानपत्राशी भांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात पडले.

हॉस्पिटलात ती त्यांच्या उशाशी स्टुलावर बसून असायची. एका संध्याकाळी, भेटीची वेळ संपत आली तेव्हा, त्यांनी डोळे उघडले.

"निघ आता. लिफ्टला गर्दी होईल."

"थांबते ना बाबा. नर्सला विचारलंय मी."

"निघ म्हटलं ना."

ती उठली. जन्मभराची सवय. लिफ्ट रिकामी होती. फाटकाशी पोचते तोच वॉर्डातून फोन आला.

पुस्तक निघालं तेव्हा प्रकाशनाला तिला मानाने बोलावलं. पहिल्या रांगेत ती आणि शेजारी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण. प्रमुख पाहुणे होते ते बिल्डर, ज्यांनी तिन्ही टॉकीजा पाडून वर दुकानं चढवली. तेच शहराच्या हरवलेल्या वैभवाबद्दल बोलताना गहिवरले. मांजर उंदराच्या तेराव्याला आलं होतं आणि भाषणही त्याचंच सगळ्यांत लांबलं.

मग इतिहासकार उठले. गळक्या छपराला त्यांनी एक आख्खं प्रकरण दिलं होतं. शेवटी गाडी बाबांवर आली. "हा रसिक मॅनेजर प्रत्येक सिनेमा शेवटपर्यंत पाहायचा. अंधारात, दाराशी उभा राहून, डोळे भरून!"

"हा कुणाविषयी बोलतोय गं?" आत्याने विचारलं. तिची कुजबूज तीन रांगांना पुरत असे.

"बाबांविषयी."

"मग माणूस चुकलाय ह्याचा."

संयोजक वाकून मुलीच्या कानाशी आले. "दोनच मिनिटं हं ताई. आणि गोड बोला."

गोड बोलायची तिची तयारी होती. पर्समधल्या कागदावर आभार, आठवण, पुन्हा आभार असं सगळं नेमस्त लिहिलेलं होतं. बाबांनी मारलेली थाप बाबांनाच लखलाभ, तिने कशाला मोडायची? ती माइकसमोर उभी राहिली, कागद उलगडला आणि तेवढ्यात हॉलच्या शिपायाने बाजूचं दार उघडलं. बाहेर चहा मांडून झाला होता. उन्हाची पट्टी थेट व्यासपीठापर्यंत आली. मागच्या रांगांतून खुर्च्या करकरल्या, चार-सहा माणसं उठलीसुद्धा.

"बसा," ती म्हणाली.

ती इतक्या मोठ्याने बोलते हे आत्यालाही माहीत नव्हतं. उठलेली माणसं होती तिथेच खाली बसली. बिल्डरसाहेबांनी हातातला गुच्छ मांडीवर ठेवला.

"अजून संपलेलं नाही. बाबांनी शेवट कधी पाहिला नाही, सर. त्यांनी तुम्हाला थाप मारली. ते दारं उघडायचे. आम्हाला आधी बाहेर काढायचे, गर्दी व्हायच्या आत."

"बरोब्बर!" आत्या खालून म्हणाली. लोक हसले. इतिहासकारही हसले, जरा उशिरा.

तिने कागदाची घडी घातली. समोर उघडं दार होतं आणि ती त्या दाराकडे बघूनच बोलली, कारण शेवट आला की बाबा दारातच उभे असत.

"बाबा, लिफ्टला गर्दी नव्हती. मला निघायचं नव्हतं. मला शेवटपर्यंत थांबायचं होतं."