आगाऊ आभार

माझं कॉलेजचं कर्ज फिटलं, असं माझ्या नवऱ्यानं मार्चमधल्या एका रविवारी भर चर्चमध्ये जाहीर करून टाकलं. मला ते तिथंच, बाकावर बसल्या बसल्या कळलं. कर्ज काही फिटलेलं नव्हतं. फिटायची चिन्हंही नव्हती.

आता आमच्याकडे आगाऊ आभार मानायची रीत आहे, आणि ती मीही पाळते. गुडघा बरा व्हायच्या आधीच बरा झाला म्हणून देवाची स्तुती करायची, नोकरी लागायच्या आधीच लागली म्हणून. शेवटी 'हे विश्वासानं बोलतोय' एवढं जोडायचं, म्हणजे ऐकणारे समजतात, आमेन म्हणतात आणि मनातल्या मनात आपल्यासाठी प्रार्थना करतात. पण आमचा क्लिओफस पडला डीकन, म्हणजे चर्चचा मानाचा सेवक, आणि देवानं आवाज असा दिलाय की सुरू झाला की थांबायचं नाव नाही. गेलं म्हणाला, व्हर्लीनचं कर्ज गेलं, एक सेंट उरला नाही! ऑर्गनवाल्यानं साथ धरली, लोक उभे राहिले, आणि शेवटचं ते वाक्य राहूनच गेलं. मीही उभी राहिले, हात वर केले. करते काय? मदर ओडेसा, आमच्या चर्चमधली सगळ्यात वडीलधारी बाई, मला मिठी मारून रडली. तिची जांभळी टोपी माझ्या पायाशी पडली.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "थाप मारलीस."

"थाप नव्हे, विश्वास."

"विश्वास तुझा आणि हप्ता माझा. छान वाटणी आहे."

त्यानं गाडी सुरू केली.

कर्ज घेतलं तेव्हा मी पोरगी होते, आता पन्नाशी आली. घेतले एकतीस हजार डॉलर, इतकी वर्षं भरत आले, आणि उरलेत चव्वेचाळीस हजार. हे गणित मला कुणी विचारू नये. चर्चच्या बालवाडीतल्या बाईला जो पगार मिळतो, त्यात हप्ता कमी करून घ्यावा लागतो, आणि कमी केलेला हप्ता व्याजालाही पुरत नाही. चर्चला द्यायचा दशमांश मात्र कधी चुकवला नाही. कधीकधी वाटतं, चुकवावा. पास्टर बायबलमधलं कर्जावरचं वचन वाचायला लागले की मी आपल्या बुटांकडे बघते. आता रागसुद्धा येत नाही, नुसता शीण येतो. देवाला तेच ते सांगायचाही शीण.

देवानं केलेलं सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. त्या साक्षीनंतर चर्चच्या छपराच्या वर्गणीत माझं नाव वर चढलं. एकीनं तर आडून आडून उसने मागितले. तेही मी गिळलं. चारचौघांत नवऱ्याचं नाक कशाला कापायचं? बोलाचीच कढी, बोलाचाच भात, जेवा आपले मुकाट्यानं.

मग मे महिन्यात केझायाचं प्रकरण निघालं. केझाया म्हणजे मदर ओडेसाची नात, अठरा वर्षांची, मी बालवाडीत शिकवलेली. उपासनेनंतर आम्ही खालच्या हॉलमध्ये जेवत होतो. पोरगी ताट घेऊन माझ्या शेजारी बसली आणि आनंदानं सांगायला लागली. इथं मेम्फिसमधल्या कॉलेजात तिला फी माफ होती, पण ती जाणार होती माझ्याच जुन्या ख्रिस्ती कॉलेजात. कर्ज काढून. मी विचारलं, फेडशील कशी गं? ती हसली.

"देवानं तुमचं उडवलं ना, सिस्टर व्हर्लीन? मग माझं काय तो तसंच ठेवणार आहे?"

मी चिकनचा तुकडा ताटात परत ठेवला. तिथंच सांगायला हवं होतं. पण समोर क्लिओफस बसला होता, पीच कॉबलरच्या गोडाचा चमचा हवेत धरून, माझ्याकडे बघत.

घरी मी त्याला म्हटलं, तू घातलेला गोंधळ आहे, तूच उभा राहा आणि निस्तर. कर्ज फेडण्यात पोरीचा जन्म जाईल. तो शहर बस चालवतो, दिवसभर लोकांची बोलणी निमूट ऐकून घेतो; चर्चमध्ये तेवढी त्याला किंमत आहे. ती किंमत जाईल म्हणाला. मी चिडून म्हटलं, जाऊ दे मग. तेव्हा तो खुर्चीत बसला आणि हळूच म्हणाला, "मागून मागून थकलो गं, व्हर्लीन. म्हटलं, आता आभारच मानून टाकावे आणि मोकळं व्हावं."

तो थकलाय हे मला माहीतच नव्हतं. थकायचा मक्ता माझ्याकडे आहे असं मी धरून चालले होते. पुढच्या रविवारी मी त्याची वाट पाहिली. साक्षीची वेळ आली तसा तो खाकरला, घाम पुसला, आणि बसून राहिला. त्याच्या पुढच्या रविवारी मी उभी राहिले.

माझा आवाज काही त्याच्यासारखा नाही. मी म्हटलं, माझं कर्ज आहे तसंच आहे. माझ्या नवऱ्यानं ते विश्वासानं म्हटलं होतं, पण त्या भरवशावर कुणी कर्ज काढू नये. देव माझं ऐकतो. हप्ता मात्र मीच भरते.

कुणी आमेन म्हटलं नाही. ऑर्गनवाला बोटं पट्ट्यांवर ठेवून नुसता बघत राहिला. मग पास्टरांनी गीत सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर केझायानं मला गाठलं. म्हणाली, "मी गुरुवारीच सही केली."

मी एक रविवार नवऱ्यासाठी थांबले होते. तो गुरुवार त्याच आठवड्यातला. पण एक गोष्ट मला ठाऊक होती, जी माझ्या वेळी मला कुणीच सांगितली नव्हती: पैसे कॉलेजकडे गेले नाहीत तोवर सही मागे घेता येते. तिला तसं सांगितलं. मागून मदर ओडेसा काठी टेकत आली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. "उद्या हिच्या घरी जा," एवढंच नातीला म्हणाली.

सोमवारी शाळा सुटल्यावर केझाया माझ्या स्वयंपाकघरात बसली. कर्जवाल्यांना फोन तिनं स्वतःच लावला. बराच वेळ त्यांनी गाणी ऐकवली, मग कुणीतरी बोललं. तिनं नाव सांगितलं आणि नको म्हणाली, हो, सगळंच नको. फोन ठेवला आणि ओंजळीत तोंड खुपसून रडायला लागली.

"फार आवडलं होतं मला तिथं," ती म्हणाली. "ती झाडं, ते चॅपल."

"मलाही आवडलं होतं गं," मी म्हणाले. "चांगलंच आहे ते कॉलेज."

मग मीही रडले. तिच्यासाठी की स्वतःसाठी, कुणास ठाऊक.

क्लिओफस दारात उभा होता, बसच्या गणवेशात, केव्हापासून कोण जाणे. आदल्या दिवसापासून आमच्यात अबोला होता. त्यानं टोपी काढली, केझायापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि माझ्या शेजारी बसला.

"तो हप्ता," त्यानं विचारलं, "कितव्या तारखेला असतो?"

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. मी त्याला तारीख सांगितली.