सप्टेंबरचा बर्फ

क्लेटनचा पाय मोडावा असं मार्लिसने कधीच मनात आणलं नव्हतं. मुरगळावा, एवढंच. तोही फार नाही, महिनाभर पुरेल इतका.

दोघांनी हे वेड एकाच दिवशी डोक्यात घेतलं होतं. अमेरिकेतल्या रेनियर डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याला हिवाळ्यात स्की करण्याचं काय कौतुक, तिथलं शेंबडं पोरही ते करतं. यांचं व्रत वेगळं होतं. वर्षाच्या बाराही महिन्यांत, दर महिन्याला एकदा तरी, डोंगरावर जाऊन स्की करायची. जुलै असो नाहीतर ऑगस्ट. जिथे बर्फ उरला असेल तिथवर स्की पाठीवर बांधून चालत जायचं, मोजकी का होईना वळणं घेत खाली यायचं, की महिना जमा. एक महिना चुकला की साखळी तुटली, पुन्हा पहिल्यापासून. आजारपण, लग्न, मयत, कशालाही सूट नाही.

पाचव्या वर्षी मार्लिसचं अपेंडिक्स फुटलं आणि ऑक्टोबर हॉस्पिटलात गेला. क्लेटन फुलं घेऊन आला, घटकाभर उशाशी बसला आणि तिथूनच उठून डोंगरावर गेला. "तुझ्या वाटची पण दोन वळणं घेतो गं," असं म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला, पण मार्लिसला ते टाक्यांपेक्षा जास्त दुखलं.

मग तिने नव्याने सुरुवात केली आणि त्यानंतर एकही महिना सोडला नाही. पण या व्रताची गोम अशी की पुढचा तो पुढेच राहतो. शर्यतीत जोर लावून एखाद्याला गाठता येतं. इथे तुमचा एक महिना वाढला की त्याचाही एक वाढतोच. गाठायचं तर एकच उपाय, पुढच्याने पडायला हवं. मार्लिस गावातल्या शाळेची बस चालवायची. मागे पोरं दंगा घालत असायची आणि ही लाल सिग्नलपाशी थांबून हाच विचार करत बसायची. नुसता जळफळाट व्हायचा.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावातली या व्रताच्या नादी लागलेली सगळी येडी मंडळी डोरीनच्या खानावळीत नाश्त्याला जमायची. शेवटी रानबेरीचा केक यायचा. ज्याची साखळी सगळ्यांत लांब, त्याने तो कापायचा. सुरी दर खेपेला क्लेटनच्या हातात. गुराढोरांच्या, कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान चालवणारा हा अगडबंब माणूस दुसरा तुकडा न चुकता मार्लिसला वाढायचा, तोही मोठा. तो तिच्या घशाखाली उतरत नसे.

सप्टेंबर हा या लोकांच्या कसोटीचा महिना. जुना बर्फ संपत आलेला, नवा अजून पडायचा असतो. कड्यांच्या सावलीत कुठेतरी मळकट, खळग्याखळग्यांचे, तांबड्या शेवाळाने गुलाबी पडलेले तुकडे तेवढे राहतात. ज्याने असा तुकडा शोधला, तो त्याचा. तसं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण दुसऱ्याच्या तुकड्यावर त्याने बोलावल्याशिवाय कोणी स्की टेकवत नाही. आणि कोणी आपणहून मागतही नाही. ते ऐन जेवणाच्या वेळी शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहण्यासारखं.

त्या वर्षी हिवाळा कोरडा गेला आणि उन्हाळ्याने कहर केला. क्लेटनचा तुकडा ऑगस्टातच विरघळला. वर हिमनदीवर बर्फ होता, पण तिथे भेगा चुकवत, दोर बांधून जावं लागतं, आणि त्याचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. मार्लिसचा तुकडा मात्र शाबूत होता. उत्तरेच्या कड्यामागे, जिथे ऊन पोचतच नाही अशा घळीत. तिने महिना लागताच आपली वळणं उरकून टाकली होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, क्लेटन लंगडत बसच्या डेपोत आला. मार्लिस बसची काच पुसत होती.

"मार्लिस, एक विचारू? रागावू नकोस."

"तू विचारलंस आणि मी रागावले नाही, असं कधी झालंय?"

"माझ्या तुकड्याचे नुसते दगड उरलेत गं. गुडघा हा असा. तुझ्याकडे कुठे काही उरलंय का?"

इतक्या वर्षांत त्याने कधी विचारलं नव्हतं. मार्लिसने काचेवरचा एकच डाग पुन्हा पुन्हा पुसला.

"माझाही गेला रे. मी तर हिमनदीवर जाऊन आले, जीव मुठीत धरून."

"असं होय." त्याने गुडघा चोळला. "बघतो मग कुठेतरी."

"मिळेल की. तुला नाही मिळणार तर कुणाला?"

हे शेवटचं बोलायची काही एक गरज नव्हती.

तिला लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्या आठवड्यात ती रोज उठल्या उठल्या हवामान बघायची, वर नवा बर्फ तर पडला नाही ना म्हणून. जन्मभर बर्फासाठी नवस बोललेली बाई पहिल्यांदाच ऊन मागत होती. बुधवारी शाळा लवकर सुटली, तेव्हा ती उगाचच आपल्या तुकड्यावर गेली. तो जागेवर आहे ना, एवढंच बघायला. आणि गेलीच आहे तर, म्हणून तिने वरपासून खालपर्यंत पुन्हा झकास वळणं घेतली. वाटेत खाली येणारे पर्यटक तिच्या पाठीवरच्या स्की बघून म्हणाले, "बाई, लवकर आलात की उशिरा?" एरवी ती अशांना टोला हाणायची. त्या दिवशी नुसती हसली.

सप्टेंबर संपला. क्लेटनचा महिना कोरडा गेला. बातमी दुपारच्या आत गावभर झाली.

शनिवारी खानावळीत कोणी धड बोलेना. डोरीनने केक आणला आणि कुठे ठेवावा ते न कळून ती तशीच उभी राहिली. क्लेटननेच तो तिच्या हातून घेतला, मार्लिसपुढे ठेवला आणि सुरी तिच्याकडे सरकवली.

"काप बाई. आता तुझा मान."

मार्लिसने केक कापला. पहिला तुकडा घेतला. छान होता. पण क्लेटनही मिटक्या मारत खात होता, पुन्हा मागून घेत होता आणि सगळ्यांना सांगत होता, "आज नोरीनला घेऊन समुद्रावर चाललोय, वाळूतल्या शिंपल्या खणायला. बायको वीस वर्षं मागे लागलीय. ओहोटीच्या वेळा पाठ आहेत तिच्या!" सगळे हसले. नोरीन तर हसून हसून लाल झाली होती. हा माणूस आज कोसळलेला दिसायला हवा होता. मार्लिसने उरलेला केक तसाच बशीत ठेवला.

ती त्याच्या मागोमाग बाहेर गेली. तो गाडीत फावडं आणि बादल्या ठेवत होता.

"एवढा खूश कसा रे तू?"

"खूश? दोन रात्री रडलो गं. विचार नोरीनला." त्याने बादली नीट बसवली. "गेल्या शनिवारी गेलो होतो शोधायला. पाय ओढत ओढत उत्तरेच्या कड्यावर चढलो."

मार्लिसने खानावळीच्या दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून.

"खाली बघतो तर बर्फ. अस्सा सुरेख! आणि त्यावर तुझी वळणं, ताजी. अपेंडिक्सच्या ऑपरेशनपासून तू डावीकडे जास्त जोर देतेस. लांबूनही ओळखू येतं."

"मग उतरला का नाहीस? कोण बघत होतं तिथे?"

"अगं, तुकडा तुझा. मी विचारलं होतं, तू नाही म्हणालीस." दुकानात पोत्याचा भाव सांगावा तसं त्याने सांगितलं.

"मग आत सगळ्यांसमोर बोलायचं होतंस! निदान आता तरी ओरड माझ्यावर!"

"कशाला ओरडू? तुझ्या जागी मी असतो तर मीही..." तो थांबला, खरोखर विचार करू लागला. मग त्याने मान हलवली. "नाही गं. मी सांगितलं असतं."

"चल रे, ओहोटी काय तुझ्यासाठी थांबणारे?" गाडीतून नोरीनने हाक मारली. तो पाय सांभाळत आत बसला, मार्लिसला हात केला आणि गाडी निघाली.

मार्लिस तिथेच उभी राहिली. गावातली सगळ्यांत लांब साखळी आता तिची होती. पण कोणी बघत नसताना, खाली बर्फ दिसत असताना, सुजल्या गुडघ्याने मागे फिरलेला तो माणूस अजून तिच्या पुढेच होता. तिला त्याचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता, आणि आता तो पडायची वाट बघूनही काही उपयोग नव्हता.