बक्षीसपात्र चर

आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये एक नकाशा फ्रेम करून लावला आहे. नांदगाव तालुक्यातल्या एका उजाड टेकडीचा. उताराला आडवे खणलेले चर, पडेल तो थेंब जागच्या जागी अडवणारे. त्या कामाला मोठं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून दर खंडेनवमीला मोजणीच्या यंत्रांसोबत या नकाशाचीही पूजा होते. मी नोकरीला लागले तेव्हा काचेवर आदल्या वर्षीचं कुंकू तसंच होतं. झाडणारी बाई काच पुसायची, पण कुंकवाच्या बोटाभोवतून फडकं वळवायची.

"बक्षीस मिळालेल्या डिझाइनला हात लावायचा नाही," हे आमचे डायरेक्टर शेखर सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. मलाही सांगितलं. मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलेली, इंजिनिअर नव्हे, त्यामुळे हात लावायचा प्रश्नच नव्हता. मला घेतलं होतं मातीच्या तपासण्यांसाठी. पण माझं मराठी बरं आहे हे कळल्यावर पुरस्कारांचे अर्ज माझ्याकडे आले.

त्या वर्षीचा अर्ज होता 'उत्कृष्ट लोकसहभाग' या पुरस्काराचा. काम घोटीच्या मागच्या डोंगरातलं, करवंदवाडी नावाच्या वस्तीवरचं. उन्हाळ्यात आमच्या फर्मनं तिथे समाजकार्य म्हणून चर खणून दिले होते. फोटोत नारिंगी टी-शर्ट घातलेला सगळा स्टाफ कुदळी उगारून हसत होता. टी-शर्टवर लिहिलं होतं, 'आपला डोंगर, आपलं पाणी'. त्या दिवशी हातानं खणलेला चर ऑफिसच्या टेबलाएवढा होता. बाकी सगळे जेसीबीनं खणले. जेसीबी एकाही फोटोत नाही.

पावसाळ्यातले फोटो हवे होते म्हणून जुलैत मी आणि अश्विन निघालो. अश्विन डिझाइन इंजिनिअर. नकाशे तो काढतो. वाडीत पोचलो तेव्हा पाऊस जरा थांबला होता. घरं डोंगराच्या पायथ्याला चिकटून, त्यांच्या वर झाडीचा उतार आणि उतारावर आमचे चर, एकावर एक, काठोकाठ भरलेले. अश्विन म्हणाला, "काय दिसतंय बघ! ड्रोन आणायला हवा होता."

मी बघत होते ते वेगळंच. सगळ्यात वरच्या चराच्याही वर जमिनीला भेग पडली होती. सरळ नाही, धनुष्यासारखी वाकलेली, दोन्ही टोकं खाली वळलेली. भेगेच्या खालची ऐनाची झाडं डोंगराकडे कलली होती. मी भेगेत बोट घातलं, मग अख्खा हात घातला. आत गार, ओली माती लागली.

त्या डोंगराची रचना सोपी आहे. वर कुजलेल्या दगडाची तांबडी, जाड माती आणि खाली घट्ट काळा कातळ. माती पाणी पिऊन जड झाली की कातळावरून सुटते. म्हणून अशा उतारावरून पाणी लवकर वाहून जाऊ द्यायचं असतं. आम्ही ते अडवून ठेवलं होतं. बाहेर पडायला वाट नाही, सांडवा नाही, काही नाही.

"अश्विन, हा नांदगावचाच नकाशा आहे?"

"तोच."

"तिकडे वर्षभरात पडतो तेवढा पाऊस इथे एखाद्या आठवड्यात पडतो."

"ते मला माहीत नाही का?" तो चिडला. "पण बदल केला असता तर अर्जात 'पुरस्कारप्राप्त डिझाइन' असं लिहिता आलं नसतं. सर म्हणाले, आहे तसंच ठेव. ठेवलं."

तो हे इतक्या सहज म्हणाला की मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकली आणि त्यांच्यामध्ये सुतळी ताणून बांधली.

खाली पहिलंच घर कुसाबाईंचं. म्हातारी अंगणात भाताच्या रोपांच्या जुड्या बांधत होती. मी सांगितलं, वर भेग पडलीय, पाऊस वाढला तर डोंगर खाली येईल, चर फोडून पाणी ओहळात सोडायला हवं.

"मंग फोडा की," ती म्हणाली.

"तुमच्या मुलाला, गोरक्षला आणि वाडीतल्या चार जणांना घेऊन आजच..."

"आमी?" कुसाबाईंनी जुडी खाली ठेवली आणि वाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या पाटीकडे बोट केलं. "मला वाचता येत नाय, पन गोरख्यानं वाचून दावलंय. चराला हात लावला तर केस व्हईल. तुमीच खनलं, बाई, तुमीच बुजवा. आमी फोडलं तर पोलिसात द्याल, नाय फोडलं तर डोंगर अंगावर यील. लय बेस सोय केली तुमी!"

पाटी खरंच होती: 'चरांचे नुकसान करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल'. खाली आमच्या फर्मचं नाव, नारिंगी रंगात. मी कॅमेरा पिशवीत टाकला. रडू येत होतं, पण रडण्यापेक्षा संताप जास्त होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर कधी ओरडत नाहीत. चहा मागवतात.

"बस, हर्षाली. चर भरलेत म्हणतेस? अगं, भरावेत म्हणूनच खणतात ना!"

"नांदगावला, सर. इथे खाली माणसं राहतात."

"तू काढलेले भेगेचे फोटो मी पाहिले. डोंगर आहे, भेगा पडतात. पुढच्या आठवड्यात परीक्षक येतायत. ते एकदा बघून जाऊ देत. मग तू म्हणशील तसं करू. अगदी तुझ्या देखरेखीखाली."

"आणि तोवर डोंगर थांबेल?"

सर हसले. "तुम्हा सायन्सवाल्यांचं हेच. सगळं आजच्या आज हवं. इंजिनिअरिंगमध्ये टप्पे असतात."

मी तालुक्याला फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, ज्यांनी काम केलं त्यांच्या इंजिनिअरच्या सहीचं पत्र आणा, मग लोकांना हलवू. मी इंजिनिअर नव्हते. अश्विन होता. मी त्याच्या टेबलाशी उभी राहिले. त्यानं वर पाहिलं नाही. "माझं घराचं कर्ज चालू आहे, हर्षाली," एवढंच म्हणाला आणि माउस हलवत राहिला. स्क्रीनवर काहीच हलत नव्हतं.

रविवारी मी बसनं एकटीच घोटीला गेले. तिथे भाताच्या गिरणीत काम करणारा गोरक्ष, कुसाबाईंचा मुलगा, मला मोटरसायकलवर वाडीला घेऊन गेला. भेगेपाशी पोचलो. सुतळी तुटली होती. खालची खुंटी वरच्या खुंटीपासून चांगली वीतभर लांब गेली होती आणि थोडी खालीही बसली होती. म्हणजे भेग नुसती रुंदावत नव्हती. खालचा भाग सरकत होता. गोरक्षनं तुटलेली सुतळी हातात घेतली. संध्याकाळपर्यंत त्यानं वरच्या ओळीतल्या घरांतली माणसं शाळेच्या खोल्यांत नेली. त्यासाठी सही लागली नाही. कुसाबाई मात्र हलायला तयार नव्हत्या. "गाय कुटं नेऊ? तिला शाळंत बसवू? बाराखडी शिकंल व्हय ती?" शेवटी गाय शाळेच्या व्हरांड्यात बांधली तेव्हा त्या निघाल्या.

पण माणसं हलवून घरं वाचत नाहीत, आणि शाळेत किती दिवस राहणार? पाणी काढायलाच हवं होतं.

परीक्षक आले त्या दिवशी पावसाची रिपरिप चालू होती. दोन परीक्षक, एक बाई आणि एक गृहस्थ, दोघंही भले दिसत होते. आमचा स्टाफ नारिंगी टी-शर्टात. कार्यक्रम असा होता: सर माहिती सांगणार, मग प्रतीकात्मक श्रमदान म्हणून आम्ही चराच्या कडेला रोपं लावणार, मग वाडीतल्या बायका औक्षण करणार. रोपं घोटीच्या नर्सरीतून आणली होती. कुदळी नव्या होत्या, दांड्यांवरची प्लॅस्टिकची पिशवी तशीच.

सर बोलत होते, "इथला प्रत्येक थेंब आम्ही इथेच जिरवतो..."

मी एका कुदळीवरची पिशवी ओरबाडून काढली. सगळ्यात वरच्या चराच्या टोकाशी गेले, जिथून ओहळ जवळ होता, आणि बांधावर घाव घातला. माती मऊ होती. दुसऱ्या घावाला गढूळ पाण्याची धार सुटली.

सर बोलायचे थांबले. परीक्षकांना छत्रीखाली सोडून ते चिखलातून माझ्याकडे आले आणि दातांतून म्हणाले, "हर्षाली, काय चाललंय हे?"

"श्रमदान, सर."

"कुदळ ठेव खाली."

"नाही ठेवणार. तुम्ही हिसकावून घ्या. ते बघतायत."

त्यांचा हात पुढे आला आणि तसाच अधांतरी राहिला. तेवढ्यात खालून कुसाबाई वर येत होत्या, डोक्यावर घोंगडीची खोळ, मागे गोरक्ष आणि वाडीतली माणसं, कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या टिकाव. त्या थेट परीक्षकांसमोर थांबल्या आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सायेब, ती पोरगी चर फोडतीया. आमी बी फोडू का? का पोलिस बोलावताल? पाटी लावलीया तुमी, म्हनून इचारलं. गरिबाला इचारून केल्यालं बरं!"

परीक्षक बाईंनी सरांकडे पाहिलं. "कसली पाटी?"

मी सरांचं तोंड बघत होते. नोकरीत मला त्यांच्या चेहऱ्यावर एकदाच घाम दिसला, तो त्या दिवशी, पावसात.

"छे छे, आजी!" सर म्हणाले. "पोलिस कशाला? तुमचंच काम आहे हे. फोडा, फोडा."

"समद्यांनी ऐकलं ना रं?" कुसाबाई वळून ओरडल्या. "सायेब म्हनत्यात फोडा!"

मग जे झालं ते मला नीट क्रमानं आठवत नाही. मी ओरडून सांगत होते: वरून सुरुवात करा, उताराच्या मधोमध उभे राहू नका, कडेकडेनं या, पाणी ओहळातच गेलं पाहिजे. गोरक्ष आणि बाकीचे एकेक चर फोडत खाली येत होते. बायका भेगेत चिकणमाती दाबून भरत होत्या. आमचा स्टाफ रोपं हातात धरून उभा होता. मग अश्विननं हातातलं रोप खाली ठेवलं आणि कुदळ उचलली. माझ्याशेजारी येऊन तो खणू लागला.

मागून सरांचा आवाज आला, पुन्हा गुळगुळीत झालेला. "...याला आम्ही लोकसहभागातून पावसाळी देखभाल म्हणतो. निर्णय लोकांचा, आम्ही फक्त मार्गदर्शन करतो." परीक्षक बाई फोटो काढत होत्या.

त्याच आठवड्यात डोंगराचा एक तुकडा सुटलाच. तासभर आधी दगडगोटे गडगडले, म्हणून जवळपास कुणी नव्हतं. माती कुसाबाईंचा रिकामा गोठा घेऊन गेली आणि भातखाचरात जाऊन थांबली. घरं राहिली. चर भरलेले असते तर काय झालं असतं हे मी कागदावर मांडून पाहिलं होतं. उत्तर कुणाला सांगितलं नाही. कुसाबाई मात्र गोठ्यासाठी मला फोनवर शिव्या देत राहिल्या. तो त्यांचा हक्क होता.

आणि पुरस्कार आम्हालाच मिळाला. 'उत्कृष्ट लोकसहभाग'. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं की असा जिवंत सहभाग त्यांनी कुठे पाहिला नव्हता. सरांनी पेढे वाटले. मी पेढा कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला, झाकण उघडं ठेवून, सगळ्यांना दिसेल असा.

खंडेनवमीला मीटिंग रूम सजली. यंत्रं टेबलावर मांडली, कॉम्प्युटरना झेंडूच्या माळा घातल्या. त्या दिवशी हत्यारं चालवायची नसतात म्हणून सगळं बंद. जुन्या नकाशाशेजारी नवी फ्रेम होती: पावसात कुदळ उगारलेली मी, मागे कुसाबाई. खाली फर्मचं नाव.

"तुझाच फोटो," सर म्हणाले. "तूच कुंकू लाव. आणि एक आनंदाची बातमी. पेठकडच्या डोंगरात असंच काम मिळालंय. नकाशा तयारच आहे. आता तर दोन बक्षिसांचा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हळदीकुंकवाचं तबक हातात घेतलं. फोटो ओलांडून जुन्या नकाशापुढे उभी राहिले. बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात घोळवलं आणि काचेवर टेकवलं. टिळ्यावर थांबले नाही. बोट वरच्या चरापासून खालपर्यंत ओढत नेलं, सगळे चर छेदून. मग डाव्या बाजूला तशीच दुसरी रेघ. मग तिसरी.

"हे काय?" सर म्हणाले.

"सांडवे. इथून पाणी सोडायचं. पेठलाही पाऊस पडतो आणि तिथेही खाली घरं आहेत."

"पुसून टाक ते."

"तुम्ही पुसा."

सरांनी झाडणाऱ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी फडकं पाठीमागे धरलं आणि मान हलवली. खंडेनवमीचं कुंकू पुसायला कुणी पुढे झालं नाही. सरांनी स्वतःही हात उचलला नाही.

मागे, मीटिंग रूमच्या उघड्या दाराबाहेर, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अश्विन त्याच्या टेबलाशी बसला होता. त्यानं झेंडूची माळ बाजूला केली, कॉम्प्युटर सुरू केला आणि पेठचा नकाशा उघडला.

"अरे, आज चालवत नाहीत," कुणीतरी म्हणालं.

"हर्षाली," त्यानं मान न वळवता विचारलं, "सांडव्याला उतार किती देऊ?"