परिशिष्टाच्या माथ्यावर

माझ्या दुकानावर 'प्रबंध टाइप करून मिळतील' अशी पाटी होती, आणि बाई फटकळ आहेत ही ख्याती पाटीच्याही पुढे गेलेली होती. साल सत्त्याण्णव. माहेर साताऱ्याचं, दुकान सांगलीत विश्रामबागेत. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या. त्यांतली एक मार्च महिनाभर सुभेदार लालासाहेब मान्यांनी अडवून ठेवली.

त्यांचा मुलगा वीरधवल कवठे महांकाळला कॉलेजात भूगोल शिकवायचा. तालुक्यातल्या विहिरींवर त्याची पीएच.डी. चालली होती. त्याला तास सोडून येता येईना, म्हणून हस्तलिखित घेऊन वडील एसटीनं यायचे. मुदत दोनदा वाढवून झाली होती. एकतीस मार्चला, सोमवारी, प्रबंध विद्यापीठात पोचला नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षांच्या कष्टावर बोळा.

सुभेदार मी टाइप केलेलं पान न् पान वाचायचे. चूक सापडली की तिच्यावर बोट ठेवून गप्प बसायचे. मला त्याचाच राग यायचा.

"बोला की, सुभेदार," मी म्हणायचे.

"तुमी बघताय की," ते म्हणायचे. बोट दर वेळी बरोबर असायचं, हे आणखी वाईट.

शेवटच्या शुक्रवारी वीरधवलच्या मार्गदर्शकांचा निरोप आला. प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्या त्या प्रकरणाचं नाव पाहिजे. एवढंच ना, म्हणून मी बसले. प्रत्येक प्रकरण वेगळं तोडलं आणि पहिल्याच्या हेडरमध्ये 'प्रस्तावना' टाकलं. सगळ्या प्रबंधावर 'प्रस्तावना' आलं. तिसऱ्यात जाऊन 'भूजल पातळी' केलं, तर प्रस्तावनेवरसुद्धा भूजल आलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. दुपार झाली, आणि मी सुभेदारांवर उगाच खेकसले, "तुम्ही समोर बसू नका. मला सुचत नाही."

ते उठले नाहीत. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ताई, आमच्या शेजारी कोंडीबाची हीर हाय. त्यानं इंजिन लावलं की आमच्या हिरीचं पाणी उतरतंय. वरनं दोन हिरी, खालनं झरा एकच. तुमचंबी तसंच हाय बगा. वरनं तोडलंय, खालनं जोडल्यालं ऱ्हायलंय."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हेडरच्या पट्टीत एक बारकं बटण आत दाबलेलं होतं, 'सेम ॲज प्रिव्हियस'. म्हणजे मागच्यासारखंच. दोन वर्षांत मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते उठवलं आणि नाव बदललं. मागचं प्रकरण जागचं हललं नाही. मी मुकाट्यानं चहा मागवला, माझ्या परीनं ती माफी होती. सुभेदारांनी ती दोन घोटांत संपवली.

शनिवारी परिशिष्ट घेतलं. एकशे बेचाळीस विहिरींची मापं, एकतीस पानं. हस्तलिखितात 'विहिरींची मापे' या शीर्षकाखाली एक ओळ निळ्या पेनानं खोडलेली होती, इतकी गच्च की अक्षर लागेना. मी शीर्षक तेवढं माथ्यावर घेतलं. सुभेदार शेजारीच होते. त्यांनी बोट ठेवलं नाही.

रविवारी वीरधवल स्वतः प्रबंध न्यायला आला. सुभेदार रिक्षा बघायला बाहेर गेले. त्यानं गठ्ठ्यातून परिशिष्ट काढलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"मॅडम, अण्णांचं नाव?"

"कुठलं नाव?"

"'मापन : सुभेदार लालासाहेब माने.' सरांना विचारून लिहिलं होतं. सहा वर्षं दोर सोडून एकेक विहीर त्यांनी मोजली. मला विहिरीत वाकायची भीती वाटते. मी लांब उभा राहून आकडे लिहून घ्यायचो."

मी खोडलेली ओळ त्याच्यासमोर धरली. "हे तुम्ही खोडलं नाही?"

त्यानं कागद उजेडाकडे धरला. "अण्णांचं पेन आहे हे," तो म्हणाला.

मला सुभेदारांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या एकेका चुकीवर बोट ठेवणारा माणूस एसटीत बसून स्वतःचं नाव खोडत आला होता. मी वीरधवलला बसा म्हटलं. परिशिष्टाचं बटण कालच उठवलेलं होतं. माथ्यावर शीर्षकाशेजारी ते नाव घातलं आणि एकतीस पानं पुन्हा छापायला लावली.

सुभेदार रिक्षा घेऊन आले तेव्हा अकरावं पान बाहेर पडत होतं. त्यांनी ते उचललं, वाचलं, आणि सवयीनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

"बोला की, सुभेदार."

"हे नगं हुतं, ताई. पोराचं पुस्तक हाय."

"हिरीत दोर कुणी सोडला?" वीरधवलनं विचारलं. शिकवताना तो विहिरीला हीर म्हणत नसणार.

सुभेदारांनी प्रिंटरकडे बघत मला विचारलं, "समद्या पानांवर हाय व्हय?"

"एकतीसच्या एकतीस," मी म्हटलं.

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. सुभेदार आपल्या खुर्चीत बसले आणि राहिलेली वीस पानं येतील तशी एकेक वाचू लागले. दर पानावर बोट आधी वर जायचं, नावापाशी जरा थांबायचं, मग आकड्यांवर उतरायचं. त्या वीस पानांत त्यांना एकही चूक सापडली नाही.