तरंगनाथाच्या रेडिओचा चौथा स्क्रू

शाहूपुरीतल्या त्या हॉलच्या जिन्यावर बुधवारी सकाळी चपलांचा असा खच पडला होता, की माणसं दुसऱ्याच्या चपला तुडवत वर जात होती नि खाली येताना तिसऱ्याच्या घालून जात होती. वर स्टेजवर, झेंडूच्या माळांत गुदमरलेला एक जुना लाकडी रेडिओ. त्याच्या वायरीला पिन नाही. तोडलेलं टोक सगळ्यांना दिसेल असं पितळी तांब्यात सोडलेलं. वीज नाही, तरी रेडिओ बोलतो! नि बोलतो म्हणजे बातम्या देत नाही. घराघरातली मेलेली माणसं त्यातनं बोलतात.

"शंभूच्या डमरूचा नाद विश्वात फिरतोय, फिरतोय," तरंगनाथ महाराज डोळे मिटून हवेत बोट फिरवत होते, "त्याची फ्रिक्वेन्सी शास्त्रज्ञांना घावली न्हाय, ती ह्या पेटीला घावली. का? पेटी सागवानी! प्लास्टिकच्या रेडिओत आत्मा बसंल का? उकडतंय त्याला!"

"खरं हाय, खरं हाय," गर्दी डोलली.

तिसऱ्या रांगेत रुद्रय्या नुसता चुळबुळत होता. उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवून रिटायर झालेला टर्नर, आता जुने रेडिओ दुरुस्त करायच्या नादाला लागलेला. शेजारी त्याची थोरली बहीण, हिराक्का. आठ दिवस झाले, अक्कानं साखरेच्या आजाराच्या गोळ्या बंद केल्या होत्या. ह्याच रेडिओतनं तिच्या वारलेल्या नवऱ्यानं सांगितलं होतं, "गोळ्या सोड, तांब्यातलं तीर्थ घे." पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर अंगठा जाईल, नि मग पायही.

रुद्रय्या समजावून दमला, ओरडून दमला. अक्काचं एकच, "ह्यांचा शब्द कधी मोडला न्हाय, आता मोडू व्हय?"

दाजी जिवंत असताना त्यांचा एकही शब्द तिनं ऐकला नव्हता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण मेलेल्या नवऱ्याचं वजन वाढतं.

रुद्रय्याला चैन पडत नव्हती, त्याला आणखी एक कारण होतं. त्याच्या घरी अगदी असाच विलायती रेडिओ होता आणि त्याची मागची फळी बसवायचे चारही स्क्रू गायब होते. ह्या जुन्या स्क्रूंचे आटे वेगळे. आजचा मिलिमीटरचा स्क्रू त्यात बसत नाही, रेटला तर भोकाचेच आटे खातो. "टर्नर हैस न्हवं? काढ की लेथवर," असं कुणी म्हटलं की हा म्हणायचा, "ती कवळी झाली. मला अस्सल दात पायजेत." चार महिने वणवण केल्यावर कालच गुंडू भंगारवाल्याच्या डब्यात त्याला तीन सापडले. पितळी, एका खाचेचे, पाहिजे तसेच.

"चौथा कुठाय रे?"

"तीनच आलेत," गुंडू म्हणाला. "त्या महाराजाच्या माणसानं आणून टाकले. चौथा हलंना म्हणून तसाच ठेवलाय म्हणं. बाकी तीन फुल्लीच्या खाचेचे नवीन बसवले."

तेव्हापासनं रुद्रय्याचं डोकं लेथसारखं फिरत होतं. आत्मा बोलतो त्या पेटीचे स्क्रू कुणाला नि कशाला काढावे लागतात?

तेवढ्यात स्टेजवरचा रेडिओ खरखरला. "हिरे... तीर्थ घेतीस न्हवं?" बसका आवाज, मधेच खोकला.

"घेतेय ओ," अक्कानं पदर डोळ्याला लावला.

रुद्रय्या ताडकन उठला. "दाजी, जलमभर अक्कासंगं घरात कन्नडात बोललासा. एक वाक्य होऊन जाऊ दे की!"

रेडिओ खोकला. बराच वेळ खोकला. शेवटी म्हणाला, "वर आल्यावर... भाषा एकच असती, पावणं."

अक्काची भुवई किंचित हलली.

"बरं मग," रुद्रय्या महाराजांकडं वळला, "शंभूचं ठाणं म्हणतासा, तर प्रदक्षिणा घालू द्या."

"मागं जायचं न्हाय! मागची बाजू यमाची!"

"आता गं बया!" पहिल्या रांगेतल्या बयाबाई कडाडल्या. "देवाला प्रदक्षिणा न्हाय? असला कसला देव?"

गर्दी कुजबुजली. महाराजांच्या कपाळावरचं गंध घामानं नाकावर उतरलं. "घाला," ते म्हणाले, "पण पळत घाला."

रुद्रय्या हात जोडून निघाला आणि बरोबर रेडिओच्या पाठीमागं जाऊन थांबला.

"थांबलासा का?"

"महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा असती न्हवं, महाराज? पन्हळ ओलांडायची न्हाय. ही वायर म्हंजे पन्हळच की."

"बरोबर हाय!" गर्दी म्हणाली. शंभूच्या डमरूचं नाव महाराजांनीच घेतलं होतं.

रुद्रय्यानं खिशातनं स्क्रू ड्रायव्हर काढला, पण तो लागलाच नाही. चुकीच्या आट्यात कोंबलेले तिन्ही फुल्लीचे स्क्रू बोटानंच निघाले. उरलेल्या चौथ्यावर फळी टांगली गेली नि झोपाळ्यासारखी एका बाजूला फिरली. आत जुन्या रेडिओचा काचेचा एकही व्हॉल्व्ह नव्हता. रिकाम्या पेटीत जेवणाच्या डब्याएवढा काळा ब्लूटूथ स्पीकर बसला होता.

रुद्रय्यानं तो तळहातावर घेऊन गर्दीपुढं धरला. स्टेजमागच्या खोलीत बसून आवाज काढणाऱ्या माणसाला ह्यातलं काहीच दिसत नव्हतं. दाजी रुद्रय्याच्या हातातनं बोलायला लागले, "हिरे, त्या तुज्या भावाचं ऐकू नगंस..."

मग स्पीकरमध्ये रिंग वाजली. आतल्याची धांदल उडाली असावी. त्यानं फोन कापायच्या ऐवजी उचलला.

"अवो!" एक बाई खणखणीत ओरडली. "बुधवार हाय, येताना अर्धा किलो मटण आणा! नि त्या म्हाराजालाबी घेऊन या जेवायला, मागल्या बारीला नुसता रस्सा उरलाय म्हणून रुसला हुता!"

हॉलमध्ये आधी हसू फुटलं, मग आरडाओरडा. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. पादुका स्टेजवरच सोडून महाराज मागच्या दारानं पळाले, पण खाली उतरायला जिना तो एकच, त्याच्यावरच्या चपलांच्या खचात पाय अडकून आडवे झाले, ते तिथंच घावले.

"आत मोबाईलवर बोलायचं, हितं डब्यात वाजायचं," रुद्रय्यानं स्क्रू वर धरला. "डबा चार्ज करायला पेटी रोज उघडावी लागायची. म्हणून हे सोपे स्क्रू. बघा, डोकं कसं झिजलंय."

"पण खोकला?" अक्का हळूच म्हणाली. "ह्यांचा खोकला कसा ठाऊक त्याला?"

"दारात नावं लिहून घ्यायला बसलेली बाई काय काय विचारत हुती?"

"मीच सांगितलं," अक्का म्हणाली. "काका कशानं गेले म्हणाली, मी सगळं सांगितलं."

"आत्ता समद्यांनी ऐका," रुद्रय्या गर्दीला म्हणाला. "देवाला हात जोडा, मी बी जोडतो. पण कुणी म्हणलं मागं बघायचं न्हाय, तर आधी मागंच जावा. स्क्रू बघा, वायर बघा, परश्न इचारा. नि औषध सोडायला सांगंल, तो सागवानातनं बोलू दे न्हायतर सोन्यातनं, त्याचं ऐकू नगा."

मग त्यानं खिशात हात घालून मूठ अक्कापुढं उघडली. तळहातावर तीन पितळी स्क्रू नि एक गोळी.

अक्कानं गोळी उचलली, भावाकडं बघितलं नि खेकसली, "पाणी आण की! आणि त्या तांब्यातलं नको."