कापडांच्या खोलीतली ओटी

बनुबाईनं कापडांच्या खोलीचं दार लोटलं, ट्रेमधल्या गहू-नारळावरचा रुमाल काढला आणि आपल्याबरोबर आयाचं काम करणाऱ्या ज्योतीला चादरींच्या गठ्ठ्यावर बसवलं.

"टेक गं बये. पाय बघ किती सुजलेत."

दुपारची वेळ होती. सकाळपासून तीन बाया मोकळ्या झाल्या होत्या. तिन्ही बाळं बनुबाईनंच पुसली, गुंडाळली, आईच्या कुशीत दिली. आता हात भरून आले होते, तरी ओटीच्या पाच ओंजळी बाकी होत्या.

ही ओटी घरी भरता आली नसती. ज्योतीचा नवरा नागापूरच्या कारखान्यात, आणि खोली दाट गल्लीतली. गल्लीत कळलं की संध्याकाळपर्यंत कंपनीला कळायचं.

दवाखाना सरकारचाच होता, पाटीही तीच. पण आयांचं आणि झाडलोटीचं काम दोन वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीकडे गेलं. पूर्वी काही अडलं तर नगरच्या साहेबांच्या दारात जाऊन बसता यायचं. बनुबाई एकदा बसली होती आणि बाळंतपणाची रजा घेऊनच उठली होती. आताचं ऑफिस समुद्रापलीकडं. त्याला दारच नव्हतं, नुसता ईमेलचा पत्ता. दिवस गेलेली बाई 'ब्रेक'वर, म्हणजे कामावरून घरी, जायची, तेही स्वतःच्या मर्जीनं, असं तिच्याच सहीच्या कागदावर लिहिलेलं असायचं. संस्कृती नावाची एक आया अशीच गेली. तिच्या जागी दुसरी आली.

"मी भरू न्हाई गं," बनुबाई म्हणाली. तिचं कुंकू जाऊन बारा वर्षं झाली होती.

"मी तुमच्याच हातावर जन्मले, मावशी. आता दुसरी कोन शोधू?"

ज्योतीच्या अंगावरच्या कंपनीच्या निळ्या साडीच्या पदरात बनुबाईनं पहिली ओंजळ सोडली. डोहाळ्याचं गाणं मनातल्या मनातच म्हटलं. आवाज बाहेर जाऊन चालणार नव्हता.

तिसऱ्या ओंजळीला दार उघडलं. कंपनीची सुपरवायझर दिशा उभी होती. हातात मोबाईल, हजेरी त्यातच, ब्रेकही त्यातच. पदरातल्या गव्हाकडं ती बघत राहिली.

"ही चोर ओटी का?"

तीस वर्षं बायकांना रीत सांगत आलेली बनुबाई सवयीनं बोलून गेली, "न्हाई वं मॅडम. चोर ओटी तिसऱ्या म्हैन्यात भरत्यात, कुनाला न सांगता. हिला तर सातवा..."

पुढचे शब्द तोंडातच राहिले. ज्योतीनं पदर आवळला, चार दाणे फरशीवर सांडले. बनुबाईला वर बघवेना. जी गोष्ट दोघींनी सात महिने पोटाशी धरली, ती तिनं एका वाक्यात सांगून टाकली होती.

दिशानं मोबाईल उघडला. अंगठा पडद्यावर तसाच थांबला. मग तिनं मागं वळून बाहेर पाहिलं आणि दाराला आतून कडी घातली.

"मावशी, तिसऱ्यात म्हणालात ना?" तिचा आवाज खाली गेला. "मी घरी अजून सांगितलं नाही. ऑफिसला तर नाहीच."

मोबाईल चादरींवर पालथा ठेवून तिनं ओढणीची दोन्ही टोकं पुढं धरली.

बनुबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा ट्रेकडं.

"नारळ एकच हाय," ती म्हणाली, आणि ज्योतीला जरा सरकून बसायला सांगितलं.