पाठकोरे कागद

हत्ती उलटा केल्यावर तिला हिरव्या शाईतलं बाबांचं अक्षर दिसलं.

हत्ती तिनेच काढलेला होता, पाच वर्षांची असताना. जांभळा, पाच पायांचा. पाचवा पाय म्हणजे सोंड असावी. बाबांच्या गौरवग्रंथात छापायला त्यांच्या संशोधन संस्थेने घरातलं काहीतरी मागितलं होतं, म्हणून आईने माळ्यावरची तिच्या चित्रांची फाइल काढून दिली होती. एक बाजू कोरी असेपर्यंत कागद टाकायचा नाही, हा बाबांचा नियम. त्यामुळे तिचं सगळं बालपण पाठकोऱ्या कागदांवर रंगवलेलं होतं.

मागे टाइप केलेला मजकूर होता. वर एका सिगारेट कंपनीचं नाव, खाली मुद्दे. ‘घरातल्या धुराने लहान मुलांना दमा होतो हे सिद्ध झालेले नाही, असे म्हणत राहावे.’ ‘म्हणत’च्या आधी हिरव्या शाईत ‘सतत’ घातलेलं होतं. समासात टीप होती : आकडे नाकारू नयेत. अधिक अभ्यासाची गरज आहे, असे म्हणावे.

तिने ते दोनदा वाचलं. तिने बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले.

“आई, याच्या मागे काय आहे ते कधी वाचलंस?”

आई मटार सोलत होती. “मी चित्रं बघायचे,” ती मान वर न करता म्हणाली.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. धूम्रपानाविरुद्धचं आरोग्य धोरण म्हणजे बाबा, असं लोक म्हणत. संस्थेत त्यांना पाठीमागे ‘फिनेल सर’ म्हणायचे, कारण ते जातील तिथे साफसफाई व्हायची. संशोधकांच्या परिचयपत्रातला पहिला रकाना त्यांनीच घातला होता : याआधी कोणाकोणाकडून मानधन घेतले? पदव्या नंतर, शोधनिबंध नंतर, आधी हे. त्यांच्या स्वतःच्या परिचयपत्रात तिथे एकच शब्द होता. निरंक. ग्रंथात तेच परिचयपत्र छापायचं होतं आणि खाली मुलगी म्हणून तिची सही हवी होती. चार दिवस तो फॉर्म जेवणाच्या टेबलावर पडून होता. वेळ मिळाला नाही म्हणून. नाहीतर तिने कधीच डोळे मिटून सही ठोकली असती.

वर्गात मुलांना फुप्फुसं शिकवताना ती बाबांचं उदाहरण द्यायची. तेही आता आठवलं. आणि दरवर्षी ‘बाबांच्या कामावरून’ येणारी अठ्ठेचाळीस रंगांची पेटी. हत्तीचा जांभळा त्या पेटीतलाच.

ग्रंथाचं काम पन्नाशी उलटलेल्या एका बाईंकडे होतं. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडे गेली. संस्थेच्या जिन्यात बाबांचा मोठा फोटो लावला होता, खाली ‘निष्कलंक’ अशी अक्षरं. सार्वजनिक मुतारीवरून जाताना धरावा तसा तिने श्वास धरला.

“बसा. चहा सांगू? इथला चहा म्हणजे निव्वळ फिनेल, पण गरम असतो.” बाई बोलून गेल्या आणि ओशाळल्या. “अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“असू दे. मला माहीत आहे ते नाव.”

बाईंचं नावही तिला माहीत होतं : ‘तीन महिने’. शिक्षण संपल्यावर बाईंनी तीन महिने एका सिगारेट कंपनीच्या प्रयोगशाळेत काढले होते आणि ते परिचयपत्रात लिहिलं नव्हतं. बाबांनी त्यांना भर बैठकीत उभं करून तिथल्या नोकरीचा कागद मोठ्याने वाचला होता. संशोधनातून त्यांची उचलबांगडी झाली ती थेट प्रकाशन विभागात. बाबा हा किस्सा जेवताना रंगवून सांगत. ती हसायची. एकदा तर तिने पुन्हा सांगायला लावला होता.

तिने हत्ती टेबलावर ठेवला.

“गोड आहे,” बाई म्हणाल्या.

“उलटून बघा.”

बाईंनी चष्मा चढवला. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेल, निदान ओठांचा कोपरा हलेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी रुमालाने बोटं पुसली, एकेक.

“मी तिथे काचेच्या नळ्या धुवायचे,” त्या म्हणाल्या. “हे किती वर्षं चाललं?”

“नक्की माहीत नाही. मी शाळेत जायला लागले तेव्हा घरात ते रंग होते.”

“हे बघा, तुम्ही सही करून टाकलीत तर मी तोंड उघडणार नाही. गप्प बसायचा सराव आहे मला. पण ‘निरंक’ खोडायचं असेल तर एक हत्ती पुरणार नाही. अक्षर त्यांचं नाही म्हणतील. बाप गेल्यामुळे पोरगी बिथरलीय म्हणतील. सगळी पानं लागतील. शेवटचं, सहीचं पान तर लागेलच.”

“आणि मिळालं तर?”

“तर रकाना भरू. त्यांनीच तर घातलाय.”

घरी येऊन तिने फाइल जमिनीवर पालथी केली. चित्रांचा काही मेळ नव्हता. चौथ्या वर्षीच्या गिरगोट्यांखाली नवव्या वर्षीचा नकाशा, त्याखाली पुन्हा नुसत्या रेघोट्या. मग तिने मागच्या बाजूंवरचे पानांचे आकडे बघितले. एक, दोन, तीन, चार. सहानंतर आठ; सातवं पान, म्हणजे हत्ती, तिच्या पिशवीत होतं. अठरापर्यंत एकही पान इकडचं तिकडे नव्हतं. अठरावं पान वाक्याच्या मध्येच तुटत होतं.

“आई, ही अशी कोणी लावली?”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. “चित्रं ते कधी बघत नसत. म्हणून ती पानं तिथे ठेवली.”

“तू म्हणालीस, तू चित्रं बघायचीस.”

“चित्रंही बघायचे.”

“आणि त्या बाईंची गोष्ट ते सांगायचे तेव्हा? तू वाढत होतीस, आई. मला आठवतंय, भात वाढत होतीस तू!”

आईच्या नखांत आजही मटाराची हिरवी साल अडकली होती. या हातचं आज जेवण जाणार नाही, असं मुलीला वाटलं, आणि वाटल्याबरोबर स्वतःचीही शिसारी आली.

आई आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांच्या घडीत जपलेला एक कागद होता.

“एकोणिसावं,” ती म्हणाली. “हे मी त्यांत ठेवलं नव्हतं.”

चौकोनी चष्म्याचा, सगळे दात दाखवणारा एक उंच माणूस, त्याचं बोट धरलेली फ्रॉकवाली मुलगी. वर वाकड्या अक्षरांत ‘माझे बाबा’. मागची सही कागदातून फुटून त्या माणसाच्या खिशावर हिरवी उतरली होती.

आईने कागद टेबलावर ठेवला, फॉर्मच्या शेजारी, चित्राची बाजू वर करून.

“उलटायचं तर तू उलट. माझ्याने होत नाही.”

तिने चित्राला हात लावला नाही. फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या रकान्यातल्या ‘निरंक’वर आडवी रेघ मारली. मग अडली.

“किती वर्षं होते गं ते त्या कंपनीकडे?”

“पाच वर्षं आणि चार महिने,” आई म्हणाली. तिला आठवावं लागलं नाही.